बॅटरी सत्तर टक्के आहे!

गेल्या दिवाळीत पुण्याहून ताईकडे निघालो. ताईची वस्ती इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसात. गाडीत माझ्याखेरीज दोघे परदेशस्थ होते. एक धाकट्या भावाची मुलगी, मुक्काम न्यू जर्सी, वय वर्षे चौदा. दुसरा ताईचा थोरला, नोकरीसाठी पाच वर्षे इंग्लंडात. बारामती मागे टाकली न टाकली तोच मागचे चाक बसले.

पंक्चरवाल्याने हुकूम सोडला, "डिकी उघडा, स्टेपनी काढा."

पुतणी माझ्याकडे पाहू लागली. भाचा म्हणाला, "अगं, बूट उघडायचाय." तिने बिचारीने पायांकडे पाहिले! मग उलगडा झाला, "ओ, ट्रंक!" आता आमच्या पिढीला ट्रंक ठाऊक ती पत्र्याची, कुलूप लावून खाटेखाली सरकवलेली. पंक्चरवाला तिघांकडे पाहत हातात जॅक घेऊन उभा.

गंमत म्हणजे त्याचे शब्द जुन्या विलायतेचेच. पूर्वी मोटारींच्या पाठीमागे उघडमिटीचे जादा आसन असे, ती डिकी. आणि वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ साली जादा चाक विकायचा धंदा निघाला, म्हणून ती स्टेपनी. अमेरिका वेगळी झाली १७७६ साली, मोटारी आल्या त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरी बारसे केले. आपण मात्र दोन्ही घरची जेवणे जेवून आलो. पेट्रोल इंग्रजांकडून घेतले, पण ते भरायचे अमेरिकेच्या ट्रकमध्ये. लॉरी मराठीत फारशी रुळलीच नाही. पँटही अमेरिकेच्या अर्थाने घेतली. भाच्याने तिकडे पहिल्याच आठवड्यात दुकानात पँट मागितली, तर त्याच्यापुढे आतले कपडे ठेवले गेले म्हणे!

हे सारे हसण्यावारी गेले. रात्री मात्र हसू पळाले.

त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री दहाला यायची होती. दाजी गावात गेलेले, म्हणून ताईच मोटार चालू करायला निघाली. पुतणी हौसेने मागोमाग. मी आणि भाचा ओसरीवर. एवढ्यात पाचटातून फुत्कार आला, कुकरची शिट्टी दबकी वाजावी तसा. ताई जागच्या जागी थिजली.

"हलू नकोस! घोणस आहे. मोबाईलची बॅटरी लाव!"

पोरीने मोबाईल पाहिला. "आत्या, बॅटरी सत्तर टक्के आहे."

भाचा ओरडला, "टॉर्च लाव, टॉर्च!" तिच्या लेखी टॉर्च म्हणजे पेटती मशाल. ती वळून तुळशीपाशी लावलेल्या पणतीकडे बघायला लागली. मी म्हटले, "अगं, लाईट लाव!" तर रडवेल्या आवाजात उत्तर आले, "काका, लाईट दहाला येणार ना?"

चार माणसे, सगळी मराठीच बोलत होतो. शेवटी भाच्याला आठवले, "फ्लॅशलाइट!" लख्ख उजेड पडला. घोणस दोन हातांवर वेटोळे घालून बसलेली. दोघी पाऊल पाऊल मागे सरल्या, आणि ते धूड सावकाश उसात शिरले. घरी येऊन पाण्याचा तांब्या उचलताना ताईचा हात थरथरत होता.

नंतर दोघांचे फोन शेजारी ठेवून पाहिले. कंपनी एकच, पण एकावर त्या दिव्याचे नाव टॉर्च, दुसऱ्यावर फ्लॅशलाइट, ज्याने जी इंग्रजी निवडली तसे. १८९९ साली न्यूयॉर्कात या हातदिव्याचे पेटंट निघाले, तेव्हा सेल इतके दुबळे होते की दिवा क्षणभरच लखलखे. म्हणून अमेरिकेत तो फ्लॅशलाइट झाला. इंग्रजांनी घरातलीच जुनी मशाल पुढे चालवली. आमच्या खेड्यांनी मात्र बाजारातून पुन्हापुन्हा आणावे लागे त्या सेलांवरून दिव्यालाच बॅटरी करून टाकले.

"मेली वस्तू एक," ताई म्हणाली, "आणि नावे किती!"

दुसऱ्या दिवशी रात्री ताई चपला घालते तोच पुतणी दारात हजर. हातात खुंटीवरची दाजींची जुनी तीन सेलांची बॅटरी.

"आत्या, बॅटरी घेतली."

"सेल बघितलेस का?" ताईने विचारले.