भांडाराला किल्ली नको?

अमेरिकेतील पियानो सुरात लावणाऱ्या कारागिरांच्या दोन संस्था १९५७ साली एक झाल्या आणि ‘पियानो टेक्निशियन्स गिल्ड’ उभी राहिली. तिच्या मासिकाचे जुने अंक म्हणजे या धंद्याचे भांडारच. पानांची छायाचित्रे संगणकात भरली की ते सर्वांना खुले झाले, असे म्हणणाऱ्या पंडितांशी माझे भांडण आहे.

पियानोच्या सव्वादोनशेच्या आसपास तारा ज्या खुंट्यांवर ताणलेल्या असतात, त्या खुंट्या एका लाकडी फळीत रुतलेल्या असतात. अमेरिकन कारागीर तिला ‘पिन ब्लॉक’ म्हणतो, इंग्रज ‘रेस्ट प्लँक’! नुसती अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला ही बाई एकच, हे कोण सांगणार? शिवाय सैल खुंटीला पूर्वी ग्लिसरीनचे औषध पाजीत. पुढे पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आला. शोधताना जुनाच उपाय सालाविना हाती लागला, तर नवशिक्या गिऱ्हाइकाच्या पियानोला तेच पाजून मोकळा व्हायचा!

म्हणून सूची हवी ती जाणत्या कारागिराने केलेली, सगळ्या पर्यायी नावांसह आणि सालवार. खर्च फार येईल म्हणता? मग इतकी वर्षे अंक छापलेत ते काय रद्दीवाल्यासाठी?