चंद्याच्या भरवशावर आजारी पडू नका

आमच्या मोहल्ल्यात कुणी आजारी पडलं की आधी व्हॉट्सअॅप ग्रुपला कळतं, मग नातेवाइकांना. एक फोटो, खाली क्यूआर कोड आणि ‘सवाबचे हकदार बना’. गेल्या वर्षी त्या फोटोत माझे अब्बा होते.

मी सोलापुरात एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान चालवतो. अब्बांना अटॅक आला, जवळचं खासगी हॉस्पिटल गाठलं, अँजिओप्लास्टी झाली. बिल 2 लाख 40 हजार. चंदा जमला 1 लाख 10 हजार. बाकीच्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. लोकांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच महिन्यात गल्लीतल्या एका विधवा खालांच्या ऑपरेशनसाठी असाच मेसेज फिरला आणि जमले साडेचार हजार. माझ्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे सहाशे नंबर होते, खालांकडे बटणांचा फोन. ज्याला आपण कौमची मदत म्हणतो, ती ओळखीवर ठरते. मला याची लाज वाटते. तुम्हालाही वाटायला हवी.

नंतर कळलं ते जास्त झोंबलं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. अँजिओप्लास्टी त्यात बसते. अट एकच, रुग्णालय योजनेत अंगीकृत हवं आणि तिथल्या आरोग्यमित्राकडे नोंद व्हायला हवी. असं रुग्णालय आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर होतं! क्यूआर कोड बनवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. ही चौकशी वर्षभरात एकानेही केली नव्हती. मीही नाही.

पण योजनेत सगळे आजार नाहीत आणि सगळी रुग्णालयंही नाहीत. म्हणून विमा बघायला गेलो. माझा वर्गमित्र कारखान्यात 18 हजारांवर आहे. ईएसआयसाठी त्याचे महिन्याला 135 रुपये कापले जातात, मालक 585 भरतो आणि बायकामुलांचा, अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही इलाज होतो. माझी कमाई त्याच्याएवढीच, पण मीच मालक आणि मीच कामगार. मला एजंटने चौघांसाठी वर्षाला 19 हजार सांगितले, अब्बांचे वेगळे. 22 सप्टेंबर 2025 पर्यंत तर त्यावर 18 टक्के जीएसटीही होता. गॅरेजवाला, शिंपी, रिक्षावाला यांना ईएसआयसारखी सोय का नाही, हे विचारणारा मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

एजंट वर म्हणाला, “अब्बांची साखर फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम वाढेल.” पोरांनो, हे ऐकू नका. आधीपासूनच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबवू शकते, पण लपवलेल्या आजारावर दावाच नाकारते. तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

दुकानात बसणारे एक चाचा म्हणतात, विम्यात व्याज आहे, अनिश्चितता आहे, हराम आहे. त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. फिकहमध्ये त्यावर खूप चर्चा झाली आहे. मलेशियाने 1984 मध्ये तकाफुलचा कायदाच केला. पण चाचा, तुम्ही विमा नको म्हणून थांबता आणि चंद्याच्या मेसेजला आमीन म्हणता. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ आली त्याला द्यायचं, हेच तर चंद्यातही करतो आपण! फरक इतकाच, की आपण ते माणूस आयसीयूत गेल्यावर करतो.

आमची मेकॅनिकांची संघटना 9 वर्षं जुनी आहे, नोंदलेली आहे. अशा संघटनेला सभासदांसाठी समूह विमा घेता येतो. फक्त विम्यासाठी जमवलेला गट चालत नाही. एकट्याने गेलं तर कंपनी म्हणेल तो भाव. शंभर जणांनी मिळून गेलं तर निदान घासाघीस करता येते. मागच्या बैठकीत हा विषय काढला, तर खजिनदार म्हणाले, आधी इफ्तार पार्टीचा हिशेब होऊ द्या. मी वही फिरवली. चौदा नावं आली. खालांचा मुलगा पंक्चर काढतो, त्याचं नाव मीच लिहिलं. त्याचा पहिला हप्ता इफ्तारच्या शिल्लक पैशांतून भरावा, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. खजिनदारांना तो आवडणार नाही.