रक्ताची नळी अर्धी नको

आपल्या बेटावर मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत. त्यामुळे रक्त तपासून घेणे कोणालाच चुकत नाही. सुई टोचताना आपली वडीलधारी माणसे विनवतात, "बाई, थोडेच घ्या हो!" ही विनवणी आपल्यालाच महाग पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रक्त शरीराबाहेर आले की गोठू लागते. पुष्कळ तपासण्यांसाठी ते गोठून चालत नाही, म्हणून नळीत आधीच औषध घातलेले असते. टोपणाचा रंग ही त्याची खूण. जांभळ्या नळीत ईडीटीए. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. फिकट निळ्या नळीत सायट्रेट, हिरव्या नळीत हेपारिन. करड्या नळीत ऑक्झलेटबरोबर साखर टिकवणारे फ्लोराइड असते. एरवी रक्तपेशी तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात.

निळ्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, हे प्रमाण ठरलेले आहे. नळी अर्धी राहिली, तर सायट्रेट जास्त होते आणि रक्त गोठण्याचा वेळ खोटाच वाढलेला दिसतो. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचा डोस याच आकड्यावर ठरतो. डोस नाहक कमी झाला, की गुठळीचे भय उभे राहते.

आमच्या घरी एकदा काकांच्या अहवालात पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम अगदी घटलेले आले. रात्रभर आम्हाला झोप नाही. डॉक्टरांनी काकांना नीट तपासले, हृदयाचा आलेख काढला आणि रक्त पुन्हा घ्यायला सांगितले. दुसरा अहवाल सरळ आला. पहिल्या खेपेस जांभळ्या नळीतले रक्त दुसऱ्या नळीत ओतले गेले होते! त्या नळीतले ईडीटीए पोटॅशियमचाच क्षार असते.

गणिताचे उत्तर विचित्र आले, तर मांडणी पुन्हा पाहा, असे आम्ही शिक्षक मुलांना सांगतो. अहवालाचेही तसेच आहे. तो प्रकृतीशी जुळत नसेल, तर गोळी बदलण्यापूर्वी पुन्हा तपासणी व्हावी का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगावे. आणि घरातील आजी-आजोबांना आपल्या भाषेत समजवावे, की निळ्या नळीत जेमतेम अर्धा चमचा रक्त मावते. ती खुणेपर्यंत भरू द्यावी. तेवढ्याने कोणी अशक्त होत नाही.