बहरीनला विचारले, अबू मुसाला का नाही?

अबू मुसा, थोरले तुंब आणि धाकटे तुंब ही होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेली तीन लहान बेटे कोणाची, यावर संयुक्त अरब अमिराती आणि इराण पन्नास वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत, आणि हे भांडण बहुतांशी जुन्या दप्तरांच्या आधारे चालले आहे. एक बाजू म्हणते की शारजा आणि रास अल खैमा येथील कासिमी शेखांचा अंमल या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या होता. दुसरी बाजू उत्तर देते की इराणी किनाऱ्यावरील लिंगे बंदराचे कासिमी हे इराणचे अंमलदार होते, म्हणून त्यांनी सांभाळलेली बेटेही इराणचीच. दोन्ही दप्तरांत शेख आहेत, शाह आहेत, ब्रिटिश रेसिडेंट आहेत; बेटावर घर करून राहिलेल्या, तिथल्या पाण्यात जाळे टाकणाऱ्या माणसाला मात्र साक्षीदार म्हणूनसुद्धा कोणी बोलावलेले नाही. या पत्रकाचा आक्षेप नेमका त्याला आहे.

हा किनारा मुंबईला परका नव्हता. १८१९ साली रास अल खैमावर चालून गेलेले आरमार मुंबईहून निघाले होते, १८२० च्या तहानंतर येथील संस्थाने हळूहळू ब्रिटिशांच्या अधीन गेली आणि परराष्ट्रव्यवहार संस्थानांच्या हाती उरला नाही. जानेवारी १९६८ मध्ये हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने १९७१ अखेर आखातातून निघून जाण्याचे जाहीर केले, तेव्हा या संस्थानांचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९६० साली ठराव १५१४ करून स्वयंनिर्णयाचा हक्क, म्हणजे आपली राजकीय अवस्था आपण ठरवण्याचा हक्क, सर्व जनसमूहांना आहे असे मान्य केले होते. तेव्हा उत्तर कोणत्या तत्त्वाने शोधायचे याबद्दल संदिग्धता नव्हती.

ते तत्त्व एका ठिकाणी पाळलेही गेले. बहरीन हेही बेटच, आणि त्यावरही इराणचा दावा होता. शाहने जानेवारी १९६९ मध्ये दिल्लीत असताना बळाचा वापर करणार नसल्याचे सांगितले, आणि १९७० च्या वसंतात महासचिव ऊ थांट यांचे प्रतिनिधी व्हित्तोरियो विन्सपियर ग्विचार्दी बहरीनमध्ये जाऊन लोकांना व संस्थांना भेटले. बहुसंख्य लोकांना स्वतंत्र, सार्वभौम राज्य हवे आहे, असा अहवाल त्यांनी दिला आणि ११ मे १९७० रोजी सुरक्षा परिषदेने तो एकमताने स्वीकारला. ही पद्धत निर्दोष नव्हती. मतपेटी नव्हती, मंडळे आणि क्लबांचे म्हणणे ऐकून निष्कर्ष काढला गेला. तरीही कोणीतरी बेटावर जाऊन विचारले, एवढे तिच्याबद्दल म्हणता येते.

त्यानंतर दीड वर्षाने अबू मुसाबाबत जो सामंजस्य करार झाला, तो याच्या शेजारी ठेवून वाचावा. शारजाचे शेख खालिद बिन मुहम्मद अल कासिमी आणि इराण यांच्यात ब्रिटिशांच्या मध्यस्थीने झालेल्या या कराराच्या आरंभीच म्हटले आहे की दोघांपैकी कोणीही आपला दावा सोडत नाही आणि दुसऱ्याचा मानत नाही. पुढे नकाशावर आखलेल्या भागात इराणी फौज उतरेल, तिथे इराणचे निशाण राहील. उरलेल्या भागात शारजाचा अंमल आणि पोलीस ठाण्यावर शारजाचे निशाण. तेलाचे उत्पन्न निम्मे निम्मे. आणि शारजाला इराणकडून काही वर्षे वार्षिक पंधरा लाख पौंड. फौज, निशाण, तेल, पैसा या सर्वांची तरतूद करणाऱ्या या कागदात माणसे फक्त एकदा येतात, दोन्हीकडच्या लोकांना मासेमारीचा समान हक्क राहील या वाक्यात. मासे कोणी धरावेत हे ठरले. बेट कोणाचे असावे हे त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. बहरीनवरचा दावा सोडण्याच्या मोबदल्यात ही बेटे शाहला जाऊ दिली गेली, असा संशय अनेक अभ्यासकांनी व्यक्त केला आहे; तो खरा असो वा नसो, घटनाक्रम मात्र तसाच दिसतो.

तुंबांबाबत तर कागदही नव्हता. रास अल खैमाचे शेख सक्र बिन मुहम्मद यांनी सही करण्यास नकार दिला, आणि ३० नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे ब्रिटिश संरक्षण संपायला जेमतेम एक दिवस उरला असताना, इराणी फौज उतरली. थोरल्या तुंबावरील मोजक्या पोलिसांनी प्रतिकार केला, त्यांचा प्रमुख सालेम सुहेल बिन खमीस मारला गेला, आणि बेटावरील रहिवाशांना रास अल खैमाकडे घालवून देण्यात आले. २ डिसेंबरला अमिरातींचे संघराज्य जन्मले ते ही जखम घेऊनच. सुरक्षा परिषदेत ९ डिसेंबरला अरब देशांनी हा प्रश्न मांडला, परिषदेने तो पुढे ढकलला, आणि तो आजतागायत पुढेच ढकललेला आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की इतक्या थोड्या लोकांचे मत घेऊन राष्ट्रांच्या सीमा ठरत नसतात. गोमंतकाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाने तरी हा आक्षेप गिळू नये. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या मतदारांनी ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ यांतून निवड केली, महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले, आणि दमण व दीव यांना गुजरातमधील विलीनीकरणाचा प्रश्न वेगळा विचारला गेला. दीव हे तर चिमुकले बेटच. तो निकाल महाराष्ट्रात आजही अनेकांना सलतो, पण लोकांना विचारायलाच नको होते, असे म्हणणारा विरळा. शिवाय स्वयंनिर्णय म्हणजे शंभर घरांचे स्वतंत्र राष्ट्र नव्हे. महासभेच्याच ठराव १५४१ ने स्वातंत्र्य, मुक्त सहयोग आणि दुसऱ्या राज्यात विलीनीकरण असे तिन्ही मार्ग मान्य केले आहेत. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर ओलांड बेटांचा प्रश्न राष्ट्रसंघापुढे गेला, तेव्हा १९२१ साली बेटे फिनलंडकडेच राहिली, पण तिथल्या लोकांची भाषा आणि स्वायत्तता यांची हमी घेऊन.

हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची अमिरातींची मागणी रास्त आहे आणि इराणने तिला दिलेला नकार त्याच्या दाव्याची बळकटी दाखवत नाही. परंतु त्या न्यायालयात पक्षकार फक्त राज्येच होऊ शकतात, म्हणून तिथेही पुन्हा दप्तरेच बोलतील. १९९२ मध्ये इराणने शारजाच्या परवान्यावर येणाऱ्या परदेशी कामगारांना आणि शिक्षकांना अबू मुसावर प्रवेश नाकारला, तेव्हा झळ लागली ती तिथल्या शाळेला आणि घरांना.

म्हणून मागणी अशी की कोणत्याही वाटाघाटीत अथवा खटल्यात, ३० नोव्हेंबर १९७१ रोजी या बेटांवर राहणाऱ्या कुटुंबांचे आणि त्यांच्या वंशजांचे मत संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने गुप्तपणे व स्वतंत्रपणे नोंदवावे, आणि यादी त्या दिवसाचीच असावी, नंतर वसवलेल्या वस्तीची नव्हे. पश्चिम सहारात स्वयंनिर्णयाच्या मतदानासाठी १९७४ च्या स्पॅनिश जनगणनेवरून मतदार ठरवायला घेतले आणि वाद इतका लांबला की मतदान झालेच नाही. इथली माणसे मूठभर आहेत, त्यांची यादी एका आठवड्यात होईल, आणि ती करायची नसेल तर कोणाला नको आहे हे अबुधाबी आणि तेहरान दोघांनीही जाहीर करावे.