आधी मागचा दिवा

रात्री अकराच्या पुढे सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात सायकलस्वाराला आणले जाते, तेव्हा सोबत आलेल्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असते. ट्रक, जीप किंवा मोटारसायकल चालवणारा सांगतो, ‘‘दिसलाच नाही हो!’’ ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. काही वेळा असतेही. दारू प्यालेला किंवा मोबाइलमध्ये डोके घातलेला चालक दुसरे काय सांगणार? पण पुष्कळदा तो अक्षरशः खरे बोलत असतो. सेकंड शिफ्ट संपवून एमआयडीसीतून घरी निघालेला कामगार, अंगात गडद शर्ट, काळी पँट, जुनी सायकल, मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर कधीच फुटून गेलेला. असा माणूस चालकाच्या नजरेत येतो तेव्हा ब्रेक दाबण्याची वेळ निघून गेलेली असते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. हे सगळे अंधारात गेले असे नव्हे. पण अंधारात जे जातात, त्यांच्यातल्या काहींना वाचवण्याचा उपाय दोन-तीनशे रुपयांत दुकानात मिळतो. म्हणून त्याची चर्चा हेल्मेटइतकीच व्हायला हवी.

सायकलसाठी दिवा घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, ‘‘उजेड किती लांब पडतो?’’ दुकानदारही खोक्यावरचा लुमेनचा आकडा दाखवतो. हजार, बाराशे, दोन हजार. गिऱ्हाईक खूश होऊन हँडलवर लावायचा झगझगीत दिवा घेऊन जाते आणि मागच्या दिव्याचे ‘नंतर बघू’ होते. ही निवड उलटी आहे. पुढून येणारी गाडी सायकलवाल्याला दिसत असते, निदान तो बाजूला तरी होऊ शकतो. मागून येणारी त्याला दिसत नाही. तिथे त्याचा जीव पूर्णपणे दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे पैसे एकाच दिव्यापुरते असतील, तर तो मागे लावायचा.

यामागचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशी पूर्ण तयारीला यायला सुमारे अर्धा तास लागतो. पाऊण तास अंधाऱ्या रस्त्याने सायकल हाकणाऱ्याचे डोळे असे तयार झालेले असतात. त्याला चांदण्यातही रस्ता दिसतो, खड्डा दिसतो, आणि लांबवरच्या गाडीचे दिवे तर मैलभरावरून दिसतात. इथेच त्याची फसगत होते. मला गाडी दिसते आहे, म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसत असणार, असे त्याचे मन परस्पर ठरवून टाकते.

गाडीवाल्याची स्थिती वेगळी असते. त्याच्या डोळ्यांवर स्वतःच्या दिव्यांचा, डॅशबोर्डचा आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड पडत असतो, त्यामुळे त्याचे डोळे अंधाराला कधीच पुरते सरावत नाहीत. समोरच्याने अप्पर मारला तर काही क्षण तो जवळजवळ आंधळाच असतो. चालक पन्नाशी-साठीचा असेल तर आणखी भर पडते. वयानुसार बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही, डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर समोरच्या दिव्यांचा उजेड डोळ्यातच विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा पसरतो. असे कितीतरी चालक रात्री रस्त्यावर असतात. लायसन्स काढल्यानंतर डोळे नियमित तपासून घेण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता वेगाचा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. काहीतरी दिसणे, ते काय आहे ते कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे याला दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. मग कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. ताशी ८० ला हाच आकडा ७० मीटरच्या घरात जातो; भरलेला ट्रक किंवा ओला रस्ता असेल तर त्याहून पुढे. आणि डिपरवर असलेल्या दिव्यांच्या उजेडात गडद कपड्यांतली व्यक्ती ओळखू येते ती पुष्कळदा ३०-४० मीटरवर. दोन आकडे शेजारी ठेवले की ‘दिसलाच नाही’चा अर्थ लागतो. उलट साधा, पण चालू असलेला लाल दिवा सरळ रस्त्यावर शेकडो मीटरवरून दिसतो.

मग रिफ्लेक्टर आहे की, असे कोणी म्हणेल. रिफ्लेक्टर हवाच, त्याला सेल लागत नाहीत, चार्जिंग लागत नाही, तो विसरत नाही. पण तो स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड आल्या दिशेने परत पाठवतो. त्यामुळे ज्या मोटारसायकलचा पुढचा दिवाच बंद आहे, तिच्यापुढे तो निरुपयोगी. चौकात आडव्या दिशेने येणाऱ्या गाडीचे दिवे सायकलवर पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. चिखलाने माखला की संपलाच. पावसाळ्यात तो रोज पुसावा लागतो. शिवाय बाजारात रिफ्लेक्टर म्हणून विकला जाणारा लाल तुकडा कधीकधी नुसते प्लास्टिक असते. पारख सोपी आहे. अंधारात सायकलपासून पंधरा-वीस पावले मागे जावे, टॉर्च कानशिलाजवळ धरून उजेड टाकावा. खरा रिफ्लेक्टर निखाऱ्यासारखा पेटतो. खोटा नुसता तांबडा दिसतो, किंवा दिसतच नाही. टॉर्च कमरेशी धरून ही परीक्षा होत नाही, कारण उजेड टॉर्चकडेच परत जातो, डोळ्यांकडे नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, पुढे त्याच्या अंमलबजावणीच्या तारखा लांबत गेल्या. आदेश चांगलाच आहे. पण आधीपासून रस्त्यावर असलेल्या जुन्या सायकलींना त्याचा उपयोग नाही.

पोपटी जाकिटाबद्दलही असाच गैरसमज आहे. ते चमकदार कापड दिवसा उठून दिसते, कारण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचे ते दृश्य उजेडात रूपांतर करते. रात्री ते किरणच नसतात, त्यामुळे ते कापड इतर फिकट कापडासारखेच. रात्री काम करतात त्या त्याच्यावरच्या रुपेरी पट्ट्या. या पट्ट्या कुठे लावाव्यात याचे उत्तरही ठाऊक आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर नुसते प्रकाशाचे ठिपके असले आणि ते हलत असले, तरी पाहणाऱ्याला तो माणूस आहे हे क्षणात कळते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधल्या संशोधकांनी पुढे हे सायकलस्वारांवर तपासले. नुसत्या जाकिटापेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवरही पट्ट्या असतील, तर चालक सायकलस्वाराला जास्त वेळा ओळखतात. पायडल मारताना वरखाली होणारे दोन ठिपके मेंदूला सांगतात की हा मैलाचा दगड नव्हे, माणूस आहे. पँट साखळीत अडकू नये म्हणून पूर्वी लोक घोट्याला क्लिप लावत. तिच्या जागी रुपेरी पट्टा बांधला की दोन्ही कामे होतात.

दिव्याकडे परत येऊ. मागचा दिवा लाल हवा, कारण लाल म्हणजे गाडीची मागची बाजू हे प्रत्येक चालकाच्या अंगवळणी पडलेले असते. तो लुकलुकणारा असावा की स्थिर, यावर तज्ज्ञांत आणि देशांतही मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये लुकलुकणाऱ्या दिव्याला २००५ पासून परवानगी आहे. जर्मनीत सायकलवर तो चालत नाही. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो, हे खरे. पण काळोख्या रस्त्यावर तो किती लांब आहे आणि कुठल्या दिशेने सरकतो आहे, हे ठरवायला चालकाला स्थिर दिवा सोपा जातो. म्हणून संध्याकाळच्या गर्दीत लुकलुकता आणि गावाबाहेर पडल्यावर स्थिर, ही विभागणी शहाणपणाची. दोन दिवे परवडत असतील तर एक स्थिर, एक लुकलुकता, म्हणजे वादच मिटला. दिवसासुद्धा दिवा चालू ठेवावा का? डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात ३८०० हून अधिक सायकलस्वारांवर याचा प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलींवर चाकासोबत सतत पेटणारे दिवे बसवले होते, त्यांचे अपघात सुमारे १९ टक्क्यांनी कमी भरले. अपघातांची नोंद स्वतः सायकलस्वारांनीच केली होती आणि आपल्याला दिवा मिळाला आहे की नाही हे त्यांना ठाऊक होते, एवढे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. तरीही फायद्याकडे कल दिसतो तो दिसतोच.

पुढच्या दिव्याचे काम दोन ठिकाणी वेगवेगळे आहे. शहरात रस्त्यावर दिवे असतात. तिथे पुढचा दिवा दिसण्यासाठी असतो, पाहण्यासाठी नव्हे. शंभर-दोनशे लुमेन पुष्कळ झाले. गावाकडच्या रस्त्यावर मात्र खड्डा, कुत्रे, रस्त्यात सोडलेला दगड आणि हंगामात मागे एकही दिवा नसलेली उसाची ट्रॉली, हे सगळे स्वतःच पाहावे लागते. तरी तिथेही हजार लुमेनची गरज नसते. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल थांबायला साधारण दहा मीटर पुरतात. वीस मीटर रस्ता नीट दिसला की झाले, आणि त्याला तीनशे-चारशे लुमेन नीट खाली वळवलेले भरपूर होतात.

‘खाली वळवलेले’ हे महत्त्वाचे. पुणे, नाशिक, नागपुरात पहाटे व्यायामाला निघणाऱ्यांच्या महागड्या सायकलींवर हल्ली जे दिवे असतात, ते समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातात. आपण सुरक्षित झालो असे त्या मंडळींना वाटते; समोरून सायकलवर येणारा दूधवाला किंवा पेपर टाकणारा मुलगा मात्र पुढची काही सेकंदे चाचपडत जातो. मोटारवाल्यांच्या अप्परला शिव्या देणाऱ्यांनी हेच करावे, हे काही बरे नाही. सायकल भिंतीपासून चार-पाच मीटरवर उभी करावी आणि भिंतीवरच्या झोताचा मधला भाग दिव्याच्या उंचीपेक्षा खाली येईल असा दिवा वाकवून घट्ट करावा. आणि वाढत्या वयात रात्रीचा रस्ता दिसेनासा झाला, दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर आणखी मोठा दिवा घेण्याआधी डोळे तपासावेत. विशेषतः मधुमेह असेल तर.

आपल्याकडे हे सगळे नवे नाही. दिवा नसलेल्या सायकलवाल्याला पोलीस अडवायचे आणि चाकातली हवा सोडायचे, ही आठवण पुण्यातल्या जुन्या माणसांकडून आजही ऐकायला मिळते. मग टायरला घासून घरघरणारा सहा व्होल्टचा डायनॅमो आला. त्याचा एक दोष होता: सायकल थांबली की दिवा गेला. म्हणजे वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यावर थांबलेला माणूस नेमका तेव्हाच अंधारात. आजच्या एलईडी दिव्यांना तो दोष नाही, ते स्वस्त आहेत आणि मोबाइलच्या चार्जरवर चालतात. दिवे सुधारले, आणि सायकलीवरून मात्र गायब झाले. मुख्य कारण असे, की दिवा हा सायकलीचा भाग मानलाच जात नाही. घंटी आणि स्टँड सायकलीसोबत येतात, दिवा ‘ॲक्सेसरी’ म्हणून वेगळा विकला जातो. ब्रेक वेगळे विकत घ्या, असे कोणी म्हणेल का?

सरकारकडून याची सुरुवात सहज होऊ शकते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या शाळेत जाणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. हिवाळ्यात शाळा आणि शिकवणी संपवून गावी परतेपर्यंत अंधार पडलेला असतो. त्या सायकलीसोबत मागे-पुढे दिवा देण्याने सायकलीच्या किमतीत फारसा फरक पडणार नाही. कारखान्यांना तर हे आणखी सोपे आहे. हेल्मेट आणि बूट देणारा कारखाना गेटबाहेर पडणाऱ्या कामगाराच्या सायकलीला लाल दिवा देऊ शकतो. चार्जिंग पाळीच्या आठ तासांत आत होऊन जाईल.

दिवा घेताना बाकी दोनच गोष्टी बघायच्या. पावसाचे पाणी आत जाणार नाही अशी बांधणी, आणि एका चार्जिंगवर स्थिर उजेड किती तास टिकतो ते. लुकलुकण्याचे तास खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतात, स्थिरचे बारीक.

आणि तो कुठे लावायचा ते. नव्या दिव्यांचे रबरी पट्टे सीटखालच्या दांडीसाठी केलेले असतात, कारण ज्या देशांत ते घडले, तिथल्या सायकलींना बहुधा कॅरिअर नसते. आपल्या सायकलीला असते, आणि त्याच्यावर डबा, दप्तर, दुधाची किटली, कडब्याची पेंढी किंवा डबलसीट बसलेला भाऊ असतो. सीटखालचा दिवा त्यांच्यामागे बिनबोभाट झाकला जातो. चालवणाऱ्याला वाटते दिवा चालू आहे, आणि तो असतोही. त्यामुळे दिवा कॅरिअरच्या मागच्या कडेला किंवा मडगार्डच्या टोकाला तारेने पक्का बांधावा, आणि ओझे लादून झाले की निघण्यापूर्वी एकदा मागे जाऊन पाहावे.