घरसंसार : गालिचा झिजतो कशाने?



दहा बाय बाराच्या खोलीत जमीन हेच आपले बैठकघर, तीच मुलांची अभ्यासाची जागा आणि रात्री तेच अंथरूण. अशा घरात गालिचा येतो तो हौसेने. पण त्यासाठी भिशीचे पैसे किंवा दिवाळीचा बोनस खर्ची पडलेला असतो. म्हणून तो जपणे म्हणजे घामाच्या पैशाची राखण करणे होय.

आमच्या चाळीतील एका ताईंना भिशी लागली, तेव्हा त्यांनी भदोहीकडचा लोकरीचा लहान गालिचा घेतला. वर्षभरातच दाराजवळचा भाग टक्कल पडल्यासारखा झाला. "दुकानदारानं फसवलं मला," असे त्या म्हणत. एका रविवारी आम्ही दोघींनी तो गच्चीत नेऊन दोरीवर पालथा घातला आणि काठीने झोडपला. खाली वाटीभर बारीक रेती पडली! ताई रोज वरून झाडू मारीत, डाग दिसला की साबणाने घासत. वरून स्वच्छ, पण बुडाशी रेती तशीच.

गालिचा झिजतो तो या रेतीने. रस्त्यावरची रेती पायांबरोबर घरात येते आणि लोकरीच्या मुळाशी जाऊन बसते. तिचे कण धारदार असतात. वर पाऊल पडले की ते धाग्याला कापतात. दिवसातून शंभर वेळा पाऊल पडले तर शंभर वेळा कापतात. डाग नजरेला दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो. रेती दिसत नाही म्हणून ती राहून जाते.

तेव्हा पहिला उपाय दारातच करा. उंबऱ्याबाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे ठेवा, चपला बाहेर काढा. पायपुसणेही रोज झटका. गालिच्यावरून रोज हलक्या हाताने, केसांच्या कलाने झाडू फिरवा. पंधरवड्यातून एकदा तो बाहेर नेऊन पालथा घाला आणि पाठीमागून काठीने झोडपा. झोडपताना नाकातोंडाला फडके बांधा. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो चालवा, पण काठाच्या झालरीवरून नेऊ नका. धागे ओढले जातात. हे सारे कोरडे काम आधी, पाणी नंतर. धूळ न काढता पाणी लावले तर तिचा चिखल होतो आणि तो आणखी खोल जातो. दर तीन-चार महिन्यांनी गालिच्याची दिशा फिरवा, म्हणजे एकच बाजू तुडवली जाणार नाही.

चहा सांडला तर घासू नका. पांढरे सुती फडके दाबून ओल टिपून घ्या, काठाकडून मध्याकडे या. मग गार पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुन्हा टिपा. दूध किंवा रक्त असेल तर गरम पाणी मुळीच नको, डाग पक्का बसतो. तेल सांडले तर त्यावर टाल्कम पावडर टाका, काही तास राहू द्या, मग झटकून टाका. वंदनेच्या वेळी मेणबत्तीचे मेण सांडले तर ओरबाडू नका. पिशवीत बर्फ घालून वर ठेवा; मेण कडक झाले की चमच्याच्या कडेने उचलून काढा.

लोकर धुताना कपडे धुण्याचा सोडा आणि ब्लीच लांबच ठेवा. सोड्याने लोकर कमजोर होते आणि ब्लीचमध्ये तर ती विरघळते. रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण पुरे. आधी कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहा. रंग फडक्याला लागला तर घरी धुऊ नका. पाठीला तागाचे कापड असलेला गालिचाही भिजवू नका. ताग भिजला की आटतो आणि त्याचा तपकिरी रंग वर चढतो. सुती सतरंजीचे मात्र बरे असते. रंग पक्का असेल तर ती धुऊन दोरीवर टाकली की झाले.

पावसाळ्यात फरशीला ओल येते. अशा वेळी गालिचा उचलून ठेवणेच शहाणपणाचे. आधी उलट्या बाजूने ऊन दाखवा, पूर्ण वाळू द्या, मग गुंडाळी करा. घडी घालू नका, घडीवर धागा तुटतो. गुंडाळी जुन्या सुती चादरीत बांधून फळीवर ठेवा; प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. पलंगाखाली अंधारात पडलेल्या लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. डांबरगोळ्या घालण्याची सवय असेल तर घरात तान्हे मूल असताना त्या टाळा. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासाने फुटून कावीळ होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. गालिच्याच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. ओलसर हवेत ते वाढतात. दम्याच्या मुलाला त्यांचा त्रास होतो. मूल रात्री खोकत असेल, धाप लागत असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवाच, आणि त्याच्या झोपण्याच्या जागेवरून गालिचा काढून धुता येण्याजोगी सतरंजी अंथरा. शोभा नंतर, मुलाचा श्वास आधी.

भरलेला गालिचा एकटीने उचलू नका, कंबर धरते. हे काम तुमच्या एकटीचे नाहीही. ज्या गालिच्यावर सारे घर बसते, तो झोडपायला नवरा आणि मुलगे यांनीही हात लावावा.

ताईंच्या गालिच्याची गेलेली लोकर परत आली नाही, येणारही नव्हती. त्यांनी तो फिरवून टक्कल पडलेली बाजू भिंतीकडे घेतली, दारात काथ्याचे पायपुसणे टाकले. उरलेला भाग तेव्हापासून तसाच आहे. दुकानदाराला मात्र त्या आता बोल लावत नाहीत.

येत्या रविवारी तुमचाही गालिचा पालथा घालून पाहा. खाली किती रेती पडते, ते मुलांनाही दाखवा. म्हणजे चपला बाहेर काढा, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.