खरखर सप्लायची की प्रोबची?

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणाऱ्या मुलाला रिपल फॅक्टर विचारला की उत्तर तयार असतं: हाफ वेव्हला १.२१, फुल वेव्हला ०.४८. व्हायव्हातला हा ठरलेला प्रश्न. प्रयोगही सोपा. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर. सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, १०० हर्ट्झची लाट दिसते, ती मोजायची आणि जर्नलवर सही घ्यायची. त्याच मुलाला खिशातल्या मोबाइल चार्जरचा रिपल मोजायला सांगितला, तर तो बहुधा मल्टीमीटर एसी रेंजवर लावेल, काही मिलिव्होल्टचा आकडा लिहून घेईल आणि निश्चिंत होईल.

तो आकडा जवळपास निरुपयोगी आहे. साधा मल्टीमीटर काही शे हर्ट्झच्या पुढे भरवशाचा राहत नाही, आणि चार्जरची भानगड सुरूच होते ती त्याच्या खूप पुढे. चार्जर घरातल्या २३० व्होल्टचं आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि मग ते सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा तोडतो-जोडतो. म्हणून तर आतला ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा झाला आणि चार्जर मुठीत मावू लागला. पण प्रत्येक तोडजोडीचा एक टोकदार झटका आउटपुटवर उमटतो. पाच व्होल्टच्या सरळ रेषेवर ही जी खरखर बसते, तिलाच इलेक्ट्रॉनिक्सवाले सप्लायचा नॉइज म्हणतात.

ही केवळ प्रयोगशाळेतली बाब नाही. स्वस्त चार्जर लावला की मोबाइलचा टचस्क्रीन भलतीकडेच टॅप घेतो, हा अनेकांचा अनुभव असेल. अमेरिकी अभियंता केन शिरिफ यांनी २०१२ मध्ये डझनभर यूएसबी चार्जर मोजले. नामवंत कंपन्यांच्या चार्जरपुढे त्यांच्या नकलांमधली खरखर कैक पटींनी जास्त निघाली, आणि टचस्क्रीन बिघडण्याचं कारणही त्यातच होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तापमान किंवा वजन मोजणारी मुलं आर्डुइनो वापरतात. त्याची एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची असते. सप्लाय ५० मिलिव्होल्टने थरथरत असेल, तर वाचन दहा पायऱ्या वरखाली उडू शकतं. मुलं सेन्सर बदलतात, कोड बदलतात, गाइडची बोलणी खातात; सप्लायकडे कुणी बघत नाही. आणि नारायणगावजवळ खोडद व आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संदेश टिपत असतात. वीजवाहिन्यांतून आणि विजेच्या उपकरणांतून निसटणारी अशी खरखर ही तिथल्या शास्त्रज्ञांची नेहमीची डोकेदुखी आहे.

मग सीआरओ लावला की झालं? खरी गोम इथेच आहे. प्रोबचं टोक सप्लायला लावायच्या आधी त्याच प्रोबच्या काळ्या क्लिपला लावून बघावं, आणि ती क्लिप सप्लायच्या ग्राउंडवर ठेवावी. दोन्ही टोकं एकाच बिंदूवर, म्हणजे पडद्यावर सपाट रेषा हवी. बहुतेक वेळा ती येत नाही. रेषेवर काटे उभे राहतात, आणि सप्लायचे म्हणून जे काटे जर्नलमध्ये उतरणार होते, अगदी तसेच दिसतात. क्लिपची ती दहा-पंधरा सेंटीमीटरची काळी वायर आणि प्रोब मिळून एक वेटोळं तयार होतं. हे वेटोळं म्हणजे छोटी अँटेनाच. शेजारच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र ती झेलते. म्हणजे दोष सप्लायच्या नावावर चढतो आणि गुन्हा वायरचा असतो.

उपाय महाग नाही. प्रोबचं हुक काढायचं, टोकाजवळच्या धातूच्या कड्याला बारीक स्प्रिंग किंवा उघडी तार गुंडाळायची आणि ग्राउंड थेट कपॅसिटरच्या पायाशी टेकवायचं. दहापटीच्या प्रोबमध्ये सिग्नल दहा पटींनी लहान होतो आणि सीआरओची स्वतःची खरखर त्या मानाने दहा पट मोठी दिसते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. बऱ्याच सीआरओंवर आणखी एक बटण असतं, २० मेगाहर्ट्झच्या मर्यादेचं. ते दाबलं की काटे एकदम बुटके होतात. सप्लाय तोच, टेबल तेच, आणि एका बटणाने आकडा अर्ध्यावर येऊ शकतो.

हे बटण दाबणं म्हणजे लबाडी नव्हे. दाबलं हे न सांगणं ही लबाडी. संगणकाच्या सप्लायसाठी इंटेलचा जो एटीएक्स दस्तऐवज आहे, त्यात १२ व्होल्टला १२० आणि ५ व्होल्टला ५० मिलिव्होल्टची मर्यादा दिली आहे. सोबत २० मेगाहर्ट्झपर्यंतच मोजायचं आणि टोकाशी १० व ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जोडायचे, हेही लिहिलं आहे. आपल्या बाजारातल्या अडॅप्टरवर यातलं काहीच नसतं. मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असतो, पण ती नोंदणी सुरक्षिततेची: शॉक बसू नये, आग लागू नये. ती हवीच. पण आउटपुट किती स्वच्छ आहे, याबद्दल ती गप्प आहे. अडॅप्टरवर रिपलचा आकडा आणि तो कोणत्या लोडवर, किती मेगाहर्ट्झपर्यंत मोजला, ही एक ओळ छापण्याची सक्ती झाली पाहिजे.

मोजमापातला प्रामाणिकपणा कसा असतो, हे लिनिअर टेक्नॉलॉजीच्या जिम विल्यम्स यांनी दाखवून दिलं. २०११ मध्ये ते गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांनी एका टिपणात एका व्होल्टेज रेफरन्सचा नॉइज मोजून दाखवला: ७७५ नॅनोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. त्या टिपणाचा बहुतेक भाग मोजणारं उपकरणच पुरेसं शांत कसं केलं, यावर खर्ची पडला आहे. निकाल त्यामानाने थोडक्यात.

नीट मोजलं, तर बनावट मालही पकडता येतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणाऱ्या, व्होल्टेज उतरवणाऱ्या एलएम २५९६ चिपच्या मॉड्यूलचंच घ्या. ही चिप १५० किलोहर्ट्झला स्विच व्हायला हवी. नीट मोजलेल्या रिपलमध्ये ५० किलोहर्ट्झच्या आसपासची लाट सापडली, तर चिपवरचं नाव खोटं असण्याची दाट शक्यता. एलएम २५७६ ही तिची जुनी बहीण ५२ किलोहर्ट्झला चालते. नाव पुसून नवं छापलेली चिप ओळखायला याहून स्वस्त परीक्षा नाही.

एक इशारा मात्र ठळक हवा. मोजायचं ते फक्त आउटपुटच्या बाजूला. सीआरओची काळी क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. मेन्सच्या बाजूला ती लावली की शॉर्ट होतो. त्यावर तोडगा म्हणून सीआरओच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लॅब असिस्टंट आजही भेटतात. मग सीआरओची सारी धातूची पेटीच जिवंत होते आणि मुलाचा हात त्या पेटीवर असतो. ही सवय आजच बंद व्हायला हवी.

घरून आणलेला चार्जर, लोडसाठी १० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर, बारीक तार आणि कॉलेजात आहे तोच सीआरओ: एवढ्यात हा प्रयोग दोन तासांत होतो. निरीक्षणाच्या तक्त्यात पहिला रकाना प्रोबचं टोक स्वतःच्याच क्लिपला लावून घेतलेल्या वाचनाचा ठेवावा, मग लांब वायरचा, मग आखूड तारेचा, आणि प्रत्येकापुढे २० मेगाहर्ट्झचं बटण चालू होतं की बंद ते. पुढच्या सत्राची लॅब मॅन्युअल छपाईला जाण्याआधी हे एक पान त्यात सहज घालता येईल.